चौथा ठोका

चासी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यावर गाडी नव्हती. दरवाजे, छप्पर, बॉनेट सगळं पेंटरच्या शेडमध्ये उतरलं होतं आणि टेम्पोतून माझ्या दारात आला तो नुसता सांगाडा. दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणारे पाच आडवे, शिडी निजवून ठेवावी तसा. साठ वर्षांपूर्वीचं पोलाद. चौघांनी धरून स्टँडवर ठेवलं, तर चौघांच्याही तोंडून एकदमच "आई गं" निघालं.

"ताई, हिचं पाठीचं दुखणं तेवढं काढा," गाडीचे मालक म्हणाले. हे डोळ्यांचे डॉक्टर. निवृत्त झाले आणि जुन्या गाडीचं वेड घेऊन बसले. भंगारवाल्याकडून हिला सोडवून आणली होती. "उजवा दांडा वाकडा आहे म्हणतात. मला तर सरळच दिसतो."

"डॉक्टर, तुमचे डोळे कोण तपासतं?"

ते हसले. "घाई नाही मला. पण सरळ झाली पाहिजे. चालवायची आहे, दिवाणखान्यात मांडायची नाही."

ते गेल्यावर मी मशीनला तारेचा ब्रश लावला आणि उजव्या दांड्यावरून फिरवू लागले. आधी गंज उडाला. मग कुणीतरी जाड थापलेली पुट्टी, मग लाल रंग, मग काळा. काळ्याखालून एक पट्टी वर आली. चौकोनी नव्हे. पतंगाच्या आकाराची.

मी ब्रश उचलून धरला. तो हवेतच गरगरत राहिला. बंद करायचं सुचलं नाही.

तशी पट्टी आमच्या रस्त्यावर एकच माणूस लावायचा. आबा, म्हणजे माझे वडील. बाकीचे चौकोनी तुकडा कापून वेल्ड मारून मोकळे व्हायचे. आबा कागदावर पतंग काढायचे, कापायचे, दांड्यावर ठेवून लांबून बघायचे. म्हणायचे, "चीर आळशी असते. सरळ वाट दिली की निघालीच. तिरकी दिली की थकते बिचारी, बसते वाटेत."

बावीस वर्षांपूर्वी हीच चासी याच शेडमध्ये, याच भिंतीकडे तोंड करून उभी होती.

तेव्हा दादा होता. तो चोवीस वर्षांचा, मी वीस. दोघंही आबांच्या हाताखाली तयार झालो, पण दादाचा हातोडा गाण्यावर चालायचा. गाणं त्यानंच जुळवलेलं. खळगा बाहेर काढताना आधी कडेनं यायचं असतं, मग मध्यावर, तेच त्यानं गाण्यात बसवलं होतं:

पहिला माझा ठोका, खळीच्या काठाला
दुसरा माझा ठोका, काठाच्या पाठीला
तिसरा माझा ठोका, हळूच पोटाला
चौथा राहू दे गं, बांध तो गाठीला

चौथा ठोका मारायचा नाही. हात वर तसाच ठेवायचा आणि पोलादाला हलायला एका श्वासाची जागा द्यायची. तीन ठोके, एक श्वास. रस्त्यावरचे लोक घड्याळ न बघता सांगायचे, आत दादा काम करतोय.

त्यानंच ही गाडी ट्रायलला नेली. पुलाच्या उतारावर चासी उजवीकडे खचली, चाक ओढलं गेलं, गाडी भिंतीत गेली. दादा परत आला नाही.

कुणी काही म्हणायच्या आधी आबाच म्हणाले, "माझा जोड सुटला." भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच. गाडी त्यांनी पाहिली नाही, तिच्या मालकानं ती परस्पर ओढून नेली. आबांनी आपला हातोडा दादाच्या शर्टात गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. आई त्याआधीच गेलेली. शेड कुणीतरी चालवायला हवी होती, ती मी चालवली.

जोड सुटला नव्हता. हे जगात दोघांना माहीत होतं. एक पुलापाशी राहिला. दुसरी मी. चीर कुठून निघाली असेल ते मला ठाऊक होतं. त्या पतंगाच्या वीतभर पुढे, जिथे माझा हात लागला होता. आणि बावीस वर्षं मी आबांना "माझा जोड सुटला" म्हणू दिलं.

ग्राइंडर घेतला असता तर अर्ध्या तासात तेवढा तुकडा कापून भंगारात गेला असता. डॉक्टरांना सांगायचं, सडलेला होता. कापते, कापते म्हणत मी आधी दांडा सरळ करायला घेतला.

चासी सरळ आहे की नाही हे डोळ्यानं कळत नाही. आम्ही तिच्या ठरलेल्या जागांवरून ओळंबे सोडतो. सरळ चासीचे ओळंबे जमिनीवर जिथे टेकायला हवेत, तिथे मापं घेऊन खडूनं खुणा करतो. मग जॅक आणि साखळी लावून दांडा ओढायचा आणि ओढलेल्या अवस्थेतच त्याला हातोड्यानं समजावत राहायचं, ओळंब्याचं टोक खुणेवर येईपर्यंत.

मी साखळी ताणली. ठोका, ठोका, ठोका. हात वर थांबला.

टक्.

चौथा पडला. मी मारलेला नव्हता. चासीच्या पलीकडच्या टोकाकडून आला, अगदी वेळेवर, जिथे श्वास असतो तिथे.

ताणलेलं पोलाद बोलतं, हे काही मला नवीन नाही. साखळी कुरकुरते, दांडा टकटकतो. पण ते कसंही, केव्हाही. मी पुन्हा तीन मारले. पुन्हा चौथा आला. मुद्दाम थांबले, कपाळ पुसलं, मग मारले. आला. जणू पलीकडच्या टोकाला कुणी उकिडवं बसलं होतं आणि माझी वाट बघून मारत होतं.

संध्याकाळी ओळंबा खुणेवर आला. शेडला कुलूप लावलं, किल्ली नेहमीप्रमाणे पदराच्या गाठीला.

सकाळी ओळंबा खुणेपासून दोन सूत बाजूला होता. दोन सूत म्हणजे पाव इंच. कपड्यात तेवढं बाजूला गेलं तर शिंप्यालाही दिसणार नाही. चासीत ते माणसाला भिंतीवर नेतं.

दुसऱ्या दिवशी ओढला. तिसऱ्या दिवशी पुन्हा दोन सूत. तेवढंच, तिकडेच.

आबा रोज चारला येतात. थर्मास घेऊन येतात, भिंतीलगतच्या जुन्या सीटवर बसतात, दोघांचा चहा ओततात आणि माझ्या कामात चुका काढतात. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यामुळे चुका कानानं काढतात. डॉक्टर आधी काम ठरवायला आले होते तेव्हाच त्यांना म्हणाले होते, "काका, पिकलाय आता, काढून टाकू." आबा म्हणाले, "तुमची गाडी साठ वर्षं पिकलीय, तिला तर तुम्ही घरी घेऊन चाललात."

ते तीन दिवस मी पावणेचारला हातोडा ठेवायचे आणि चासीवर ताडपत्री ओढायचे. चौथ्या दिवशी आबा तीनलाच आले.

"कुणाचं गाणं वाजवतेस?" दारातूनच म्हणाले.

"गाणं कुठलं, आबा. काम चाललंय."

"तीन आणि एक. तू चौथा कधी मारत नाहीस."

"मी मारला नाही."

"मग कुणी मारला?"

त्यांनी थर्मास खाली ठेवला, दांड्यावर तळहात टेकवला आणि चालत निघाले. बोटं पट्टीशी आली. रुमालाचे कोपरे मोजावेत तसे पतंगाचे चारही कोपरे त्यांनी मोजले. मग पहिल्यापासून पुन्हा मोजले.

"किती दिवस झाले हिला येऊन?"

"चार."

"आणि रोज ताडपत्री कशाला? थंडी वाजते तिला?"

"आबा, हा तुकडा सडलाय. कापून नवीन टाकू. डॉक्टरांची काही हरकत नाही."

"माझी आहे." ते तसेच उभे राहिले, हात पट्टीवर. "बावीस वर्षं मी हिला विचारायचं टाळलं, पोरी. माझा जोड आधी सुटला की भिंत आधी लागली. आता ती आपल्या पायानं दारात आलीय. उद्यापासून मी सकाळी येतो."

"रोज दोन सूत मागे जाते ती."

"जाणारच. शेवटचा घाव आधी काढायचा असतो, मग त्याच्या आधीचा, मग त्याच्या आधीचा. तू मधूनच धरून ओढतेयस. शिकवलं नव्हतं मी?"

"शिकवलं होतं."

"मग विसरलीस?"

विसरले नव्हते. त्या वाटेनं गेलं की कुठे पोचतो, ते माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी आबा सकाळी आठला हजर. हातोडा मात्र त्यांनी मागितला नाही. ते हातानं बघायचे आणि मी काढायचे. सगळ्यात शेवटचा घाव भंगारवाल्याचा होता, चिरेवर थापलेला ओबडधोबड पत्रा. तो निघाला. त्याच्या आधीचे दोन खळगे क्रेनच्या आकड्याचे, गाडी ओढून नेतानाचे. तेही निघाले. मग पुढचं टोक, चुरगळून आत गेलेलं. त्यावर आबांनी हात ठेवला आणि ओळख करून द्यावी तसं म्हणाले, "ही भिंत."

भिंत काढायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत आबांनी एकदाही माझी चूक काढली नाही. तीन ठोके झाले की दोघंही थांबायचो. चौथा यायचा. आबा त्या आवाजाकडे मान वळवायचे आणि मला म्हणायचे, "चालू दे."

मग पट्टी उरली. मी ती अगदी पांढरी लख्ख घासली. आबांनी अंगठ्याचं नख वेल्डच्या कडेनं फिरवलं, सावकाश, चारी बाजूंनी. तीनदा. कुठेही नख अडकलं नाही.

"सुटला नाही," ते म्हणाले. "पोरी, हा सुटलाच नाही."

ते सीटवर जाऊन बसले. मला वाटलं होतं हसतील, निदान रडतील. पण डोक्यावरचा भार कुणी अचानक उतरवून घ्यावा आणि मान तरीही तशीच ताठ राहावी, तसे बसून राहिले. मी दोघांचा चहा ओतला. मनात म्हटलं, झालं. एवढ्यावर थांबावं. उद्या गुपचूप कापावं. आबा मोकळे झाले, आता कुणाला काय हवंय?

सकाळी ओळंबा एक सूत बाजूला होता.

"अजून काहीतरी आत धरून बसलंय," आबा म्हणाले. "जोड धड आहे, मग मोडली कुठून? चीर जोड सोडून इतकी पुढे का?"

चीर पतंगाच्या वीतभर पुढे होती. त्यांनी माझ्याकडे कानस मागितली. पट्टीजवळ घासली, पोलाद करकरत निघालं, राखाडी भुकटी बोटांवर आली. तीन बोटं पुढे घासली, तरी निघालं. आणखी पुढे गेले. चिरेजवळ कानस घसरली. काचेवरून नख जावं तशी. दात लागेनात. त्यांनी जोर दिला. पुन्हा घसरली.

वाकूनच आबांनी त्या जागी अंगठा दाबला.

"इथे पाणी पाजलंय," ते म्हणाले. "विळ्याला पाजतात तसं. लाल करून वरून पाणी. विळ्याला धार येते त्यानं, पण पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं. चासीला..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "चासीला कोण पाणी पाजतं?"

पलीकडच्या टोकाकडून टक् झालं. कुणीही हातोडा उचललेला नव्हता.

"आबा," मी म्हटलं, "शेवटचा घाव आधी सांगते."

ते सरळ झाले. वळले नाहीत.

"शेवटचा असा की तुम्ही बाहेर लोकांना सांगत होतात, माझा जोड सुटला. मी दाराच्या आत उभी होते. गप्प राहिले. त्याच्या आधी सकाळी दादा गाडी घेऊन निघाला. खिडकीतून म्हणाला, 'चिमटे, येतेस?' मला वाटलं, थांब म्हणावं, आबांना सांगू या. मी म्हटलं, माझे हात काळे आहेत. त्याच्या आधी, आदल्या संध्याकाळी, तुम्ही ओळंबे बघितलेत. दादाला शाब्बास म्हणालात. मी पहिल्यांदाच ऐकलं तुमच्या तोंडून. दादानं तुमच्या पाठीमागून माझ्याकडे बघून ओठावर बोट ठेवलं."

"पुढे."

"मागे, आबा. त्याच्या आधी आम्ही काळा रंग मारला, चिंधीनं. ब्रश सापडेना. त्याच्या आधी तुमची स्कूटर वाजली कोपऱ्यावर. दादा म्हणाला, 'टाक, टाक पटकन.' बादली माझ्या हातात होती. दांडा लाल होता. तुम्ही आम्हाला शिकवलं होतं, लाल चासीला पाणी नाही, राखेत निवू द्यायची. मला माहीत होतं. मी टाकलं. फार मोठा आवाज झाला, वाफ झाली, आम्ही दोघं हसलो." मी चिरेवर बोट टेकवलं. "त्याच्या आधी तीन सूत राहिले होते. तुम्ही सांगितलं होतं थंडच काढ, आग लावू नकोस. दुपारभर ठोकून निघेना, म्हणून त्यानं ज्योत लावली. एवढंच."

"एवढंच नाही," आबा म्हणाले.

"एवढंच आहे."

"त्याच्या आधी. शेवटाकडून निघालीस तर पहिल्यापर्यंत जा. दुपारभर तो ठोकत का बसला होता?"

मी मान हलवली. ती त्यांना दिसली नसणार.

"सांग, पोरी. मला आठवतंय. तुझ्या तोंडून सांग."

"तुम्ही जाताना म्हणालात," मी म्हटलं, "संध्याकाळी मी येईपर्यंत दांडा सरळ नसेल, तर तोंड दाखवू नकोस."

शेडमध्ये पत्र्यावर चिमण्यांची नखं वाजत होती. आबांनी कानस जागेवर ठेवली. थर्मास न उघडताच उचलला आणि निघून गेले.

तीन दिवस आले नाहीत. घरी जेवण समोर ठेवलं की जेवायचे, पाणी दिलं की प्यायचे, माझ्याकडे बघायचे नाहीत. चारला सीट रिकामी. मी कामाला हात लावला नाही. कुणी ओढत नव्हतं, ठोकत नव्हतं, तरी रोज सकाळी ओळंबा आदल्या दिवसापेक्षा केसभर लांब गेलेला दिसायचा. आणि दुपारी कधीतरी एकटाच चौथा. आधीचे तीन नसलेला.

चौथ्या दिवशी सकाळी आबा शर्टाचं गाठोडं काखेत घेऊन आले. सीटवर बसून गाठ सोडली. हातोड्याचा दांडा वाळून तडकला होता. त्याला त्यांनी तेल चोळलं, हातात तोलून बघितला.

"काप," म्हणाले.

मी ग्राइंडर लावला. चिरेच्या अलीकडून, पलीकडून, वीतभर तुकडा निघाला. आतली बाजू वर करून मी तो आबांच्या हातात दिला. आत एक निळसर करडा डाग होता, आणि डागापासून खाली, गंजातून वाट काढत गेलेला एक ओघळ. बादलीभर पाण्यातलं तेवढंच उरलं होतं. आबांनी ओघळावरून बोट फिरवलं. मग तुकडा शर्टात ठेवला आणि हातोड्याला बांधली होती तशीच गाठ मारली.

नवीन तुकडा तिरका कापून बसवला. दोन बाजूंना दोन पतंग. एक आबांनी काढला, एक मी. माझा बघून म्हणाले, "शेपटी लावशील तर उडेल." मी सगळं सांगितल्यापासूनचं त्यांचं हे पहिलं बोलणं होतं, ज्यात मी होते.

मग साखळी ताणली आणि ठोकायला ते स्वतः उभे राहिले. एक. दोन. तीन. हात वर थांबला.

आम्ही वाट पाहिली.

काही आलं नाही. आबांनी पुन्हा तीन मारले. हात वर ठेवला, अंमळ जास्तच वेळ. रस्त्यावरून एक सायकल गेली. तिसऱ्यांदा त्यांनी तीन मारले, मग मान झुकवून पलीकडच्या टोकाकडे बघत राहिले आणि हातोडा हळूच दांड्यावर टेकवला. आवाज होऊ न देता.

संध्याकाळी ओळंबा खुणेवर आला. जॅक काढला, साखळी काढली. मी कुलूप लावलं.

सकाळी तो तिथेच होता. टोक बरोबर खडूच्या फुलीवर. मी खाली बसून बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं. बावीस वर्षांत एवढी सरळ चासी माझ्या हातून निघाली नव्हती. डॉक्टरांना निरोप द्यायला हवा होता. दिला नाही.

चारला आबा आले. चहा ओतला.

"किती?" त्यांनी विचारलं.

"जागच्या जागी आहे."

"एक सूतसुद्धा नाही?"

"नाही."

"केसभर?"

"केसभरही नाही, आबा."

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, प्यायले नाहीत. गाठोडं शेजारी सीटवर होतं, माणूस बसावा तसं.

"पुन्हा मोज," ते म्हणाले.

मी उठले. ओळंब्याचं टोक खुणेवर स्थिर होतं, हे उभ्यानंही दिसत होतं. तरी मी गुडघे टेकून खाली बसले, कंबरेला खोचलेली मोजपट्टी काढली आणि वेळ लावून, सावकाश मोजू लागले.